गरम झालेली जीटीओ पुन्हा सुरू होत नाही: वीस मिनिटांच्या दुखण्याचा माग

सकाळी गॅरेजमधून काढताना गाडी एका किल्लीत सुरू होते. रस्त्यावर काही तक्रार नाही, तापमानाचा काटाही जागेवर असतो. पेट्रोल भरायला थांबलात आणि दोन मिनिटांत पुन्हा किल्ली फिरवलीत, तरी सुरू. पण कुठे वीस-पंचवीस मिनिटं कॉफीला बसून परत आलात की झालं. सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन पेट घेत नाही. बॉनेट उघडून तासभर थांबलात, तर मधे काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. साठच्या दशकातली मोठ्या व्ही-८ इंजिनाची अमेरिकन गाडी ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे लक्षण पाठ असेल.

माझी गाडी १९६७ सालची पाँटियाक जीटीओ आहे. ४०० क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण ६.६ लिटरचं इंजिन, त्यावर चार बॅरलचा, म्हणजे हवा-पेट्रोल आत जायला चार तोंडं असलेला क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, आणि बॉनेटवर बाहेरच्या बाजूला बसवलेला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. हा टॅकोमीटर त्याच वर्षी पहिल्यांदा मिळू लागला होता. त्या वर्षी ८१,७२२ जीटीओ तयार झाल्या. मी मिशिगनमध्ये राहतो आणि ज्या शहरावरून गाडीला नाव मिळालं ते पाँटियाक माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. जनरल मोटर्सची ही शाखा २०१० मध्ये बंद झाली. तिच्या गाड्या आता आमच्यासारख्यांनी सांभाळल्या तरच रस्त्यावर दिसतात, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

दोन उन्हाळे मी या दुखण्यामागे घालवले. कार्ब्युरेटर दोनदा उघडला. कॉइल बदलली, पंप बदलला, सेल्फसुद्धा बदलला. प्रत्येक वेळी आठवडाभर वाटायचं की गेलं दुखणं, आणि मग उकाड्याचा एक दिवस यायचा. गाडी अडलेली असताना मी काही तपासत नव्हतो. थंड झाली की घरी आणायचो आणि अंदाजाने पार्ट बदलायचो. दुखणं त्या वीस मिनिटांपुरतंच असतं, म्हणून तपासणीही त्याच वीस मिनिटांत व्हायला हवी. पान्हा, टॉर्च, मल्टिमीटर आणि एक स्पार्क टेस्टर गाडीत ठेवा. आग विझवायचा सिलिंडर तर हवाच, कारण इथून पुढे उघड्या पेट्रोलशी गाठ आहे.

आधी सेल्फचा आवाज ऐका

किल्ली फिरवल्यावर सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो का, की जड, ओढत-ओढत फिरतो, की नुसतं 'टक' होतं? दुखणं विजेचं की पेट्रोलचं, हे इथेच ठरतं. बरेच जण इथे गल्लत करतात.

जड फिरत असेल तर पेट्रोलकडे बघायचं कारणच नाही. सेल्फ एग्झॉस्टच्या शेजारी असतो आणि गाडी थांबल्यावर वारा बंद झाला की भाजून निघतो. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढलं तर जवळपास ४० टक्क्यांनी. गाडी थंड असताना चालून जाणारी कमकुवत केबल मग उघडी पडते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरा, आणि दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर केबल किंवा तिची टोकं गेलेली आहेत. तसंच बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या ब्लॉकपर्यंत मोजा. तिथे पाव व्होल्टच्या आत फरक हवा. ब्लॉकवरचा रंग न खरवडता लावलेलं अर्थिंग मी तरी अनेक गाड्यांत पाहिलंय, रिस्टोअर केलेल्या चकचकीत गाड्यांत तर हमखास. नुसतं 'टक' होत असेल तर किल्लीपासून सॉलेनॉइडपर्यंत (सेल्फवरचा विजेचा स्विच) येणारी बारीक वायरही मोजा. पन्नास वर्षांत तिचे जोड काळे पडलेले असतात.

आणखी एक सोपी परीक्षा: कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी जाड वायर काढून अर्थ करा आणि सेल्फ फिरवा. आता मोकळा फिरला तर सेल्फ ठणठणीत आहे, टायमिंग जास्त पुढे आहे. गरम इंजिनात ठिणगी लवकर पडली तर पिस्टनला उलटा धक्का बसतो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.७५ ला १, त्यामुळे हा धक्का चांगलाच जाणवतो. माझ्याकडे हा प्रकार नव्हता. नवीन सेल्फचे पैसे मात्र मी ही परीक्षा न करता घातले.

सेल्फ चांगला फिरतो, पण पेट घेत नाही

आधी ठिणगी. प्लगच्या वायरला टेस्टर लावा. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, असं असेल तर कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण ते गाडी अडलेली असतानाच करायचं.

ठिणगी असेल तर एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवा, टॉर्च घ्या आणि कार्ब्युरेटरच्या घशात बघा. तोंड अगदी वर नेऊ नका. हाताने थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप, एकदा उघडा. पुढच्या दोन बॅरलमध्ये पेट्रोलच्या दोन बारीक, जोरदार धारा पडायला हव्यात.

आत सगळं ओलं, धुरकट वाफ वर येतेय आणि पेट्रोलचा भपका असेल, तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पोटातल्या छोट्या साठ्यातलं पेट्रोल उकळलं आणि जेटमधून, व्हेंटमधून खालच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये सांडलं. अशा वेळी बहुतेक लोक अ‍ॅक्सिलरेटर पंप करतात. तो पंप करू नका, कारण दर दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. पाय पूर्ण दाबून तसाच धरा, चोक उघडा राहतो, आणि दहा सेकंद सेल्फ मारा. नाही झाली तर दोन मिनिटं थांबून पुन्हा. सुरू होताना खोकेल, काळा धूर सोडेल, आणि मग साफ होईल.

थ्रॉटल उघडूनही धार नाही, आत कोरडं, तर उलट गोष्ट झालीय. चेंबर रिकामा आहे आणि पंपापर्यंत पेट्रोल पोचत नाहीये. वाटेत नळीतच त्याची वाफ झालीय.

माझी गाडी कधी ओली निघायची, कधी कोरडी. यामुळेच मी दोन वर्षं चकलो. ओली निघाली की कार्ब्युरेटर उघडायचो, कोरडी निघाली की पंप बदलायचो. प्रत्यक्षात ही एकाच उष्णतेची दोन रूपं होती. आधी चेंबर उकळून सांडतो, मग तो रिकामा होतो, आणि रिकाम्या चेंबरला भरायला पंपाकडे नुसती वाफ असते. दहाव्या मिनिटाला पाहिलं तर ओलं, पंचविसाव्याला पाहिलं तर कोरडं.

हे आताच का होतं?

इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, पण तीनशे किलोपर्यंत वजनाचा लोखंडाचा गोळा तापलेलाच असतो. ती उष्णता वर चढते. कार्ब्युरेटर सगळ्यात गरम होतो तो गाडी चालताना नव्हे, तर बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी. क्वाड्राजेटचा चेंबर मधोमध आणि लहान आहे. चालताना ते चांगलं, वळणावर पेट्रोल हिंदकळत नाही. पण थोडं पेट्रोल लवकर तापतं आणि लवकर संपतं.

त्यात पेट्रोल बदललं. इथे पंपावर जे मिळतं त्यात साधारण १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि पेट्रोलात मिसळलं की पेट्रोलचा मधला बराच भागही आपल्यासोबत लवकर वाफेत नेतं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना त्याचं काही नाही. टाकीतला पंप दर चौरस इंचाला ४० पौंडांच्या पुढच्या दाबाने पेट्रोल ढकलतो, आणि दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. आपल्या गाडीत पंप इंजिनाला लागून आहे आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीत दाब कमी होतो, म्हणजे कुकरच्या बरोबर उलट. उकळायचं तापमान आणखी खाली येतं.

ऋतूचंही बघा. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर उन्हाळी, कमी वाफाळणारं पेट्रोल विकण्याचं बंधन १ जून ते १५ सप्टेंबर असतं. थंडीचं पेट्रोल मुद्दाम जास्त वाफाळणारं करतात. त्यामुळे मेमधला एखादा तापलेला दिवस किंवा सप्टेंबरअखेरचा उकाडा जुलैपेक्षा वाईट. माझी गाडी सर्वांत जास्त अडली ती मे महिन्यातच, टाकीत मार्चमधलं पेट्रोल असताना.

काकांनी सांगितलं ते

त्या मेमध्ये माझे काका कोल्हापूरहून आले होते. उद्यमनगरात ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांना जीटीओत बसवून वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर नेलं. डेट्रॉइटपासून पाँटियाकपर्यंत जाणारा हा रस्ता साठच्या दशकात या गाड्यांचा अड्डा होता. शुक्रवारी रात्री तरुण पोरं एका ड्राइव्ह-इनपासून (गाडीत बसूनच खायचं हॉटेल) दुसऱ्यापर्यंत फेऱ्या मारायची आणि सिग्नल हिरवा झाला की शर्यत लावायची. पाँटियाकच्या इंजिनिअरांच्या गाड्याही तिथे दिसायच्या. आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून.

जेवून बाहेर आलो तर गाडी अडली. काकांनी बॉनेट उघडायला लावलं, पंपाच्या नळीवर दोन बोटं ठेवली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं.

"हवा धरलीया," ते म्हणाले. "पंप ओढतोय, पण हाताला काय लागंना त्याच्या."

विहिरीवरच्या इंजिनात डिझेलच्या नळीत हवा अडकली की जे होतं, तेच. त्यांनी हॉटेलातून पाण्याची बाटली मागवली, रुमाल भिजवला आणि पंपावर व नळीवर गुंडाळला. खंबाटकीच्या घाटात अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीचे ड्रायव्हर हेच करायचे. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. (रुमाल सेल्फच्या आणि बॅटरीच्या तारांपासून लांब ठेवा, आणि तापलेल्या एग्झॉस्टवर पाणी पडू देऊ नका.)

परतताना ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लेका, जुनी झाली म्हणून गाडी असं करत न्हाई. ही नवी असताना अशी अडत असती तर एवढ्या खपल्या असत्या काय? कुणीतरी कायतरी काढलंय हिचं. ते हुडक."

ग्लोव्ह बॉक्समधली वही

गाडीबरोबर मला एक खिशातली वही मिळाली होती. तपकिरी पुठ्ठा, कडा तेलाने काळ्या, पेन्सिलीने बारीक अक्षर. पहिल्या मालकांची. ते आता हयात नाहीत, मी त्यांना कधी भेटलो नाही. १९६७ पासून सात वर्षं त्यांनी प्रत्येक ऑइल चेंज, प्रत्येक प्लग, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे संपर्क), टायर लिहून ठेवलाय, मैलांसकट. मी ती वही आठवण म्हणून जपत होतो. काका गेल्यावर पहिल्यांदा ती ओळ न् ओळ वाचली.

उन्हाळ्यातल्या शुक्रवारी एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो: वुडवर्ड. म्हणजे ही गाडी उकाड्याच्या रात्री ड्राइव्ह-इनवर थांबत होती, पुन्हा सुरू होत होती, पुन्हा थांबत होती. नेमकी तीच वीस-वीस मिनिटं. आणि गाडी अडल्याची एकही नोंद नाही. पॉइंट जळल्याची आहे, रेडिएटरचा होज फुटल्याची आहे, पण ही नाही.

मग १९६९ च्या जुलैमध्ये एक ओळ सापडली: एसीत गॅस भरला.

माझ्या गाडीला एसी नाही. कॉम्प्रेसर नाही, कंडेन्सर नाही, फक्त डॅशबोर्डवर एसीच्या जाळ्या आहेत, ज्यांच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. मधल्या कुठल्यातरी मालकाने वजन कमी करायला सगळं काढून टाकलं असणार. आणि त्या काळी एसीच्या गाड्यांना बॉनेटखाली जास्त उष्णता म्हणून पेट्रोलची एक जादा बारीक नळी देत. पंपापाशी साठलेली वाफ आणि जास्तीचं पेट्रोल ती टाकीत परत नेते. त्यामुळे पेट्रोल सतत खेळतं राहतं, एका जागी तापत बसत नाही.

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले आणि आत शिरलो. चासिसच्या कडेने मुख्य नळीशेजारी दुसरी, तिच्यापेक्षा बारीक नळी टाकीपासून पुढे येत होती. पंपाजवळ तिच्या तोंडात एक बोल्ट खुपसून वर क्लॅम्प आवळला होता. बोल्टवर रंगाचे तीन थर होते. तो हातात घेऊन मी गॅरेजच्या जमिनीवर बराच वेळ बसून राहिलो. वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं.

काय केलं

परतीच्या नळीत उलटी हवा मारून ती मोकळी आहे याची खात्री केली. परतीचं तिसरं तोंड असलेला पंप मिळतो, पण मी पंप नुकताच बदलला होता, म्हणून पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधे तीन नळ्यांचा फिल्टर बसवला. तिसरी नळी परतीची, तिच्या आत बारीक छिद्र असतं. हा फिल्टर बसवताना परतीचं तोंड वरच्या बाजूला यायला हवं, वाफ वर चढते म्हणून. उलटा बसवला तर वाफ आतच राहते आणि काहीच फरक पडत नाही. सगळे रबरी होज नवे, इथेनॉलला टिकणाऱ्या एसएई जे३०आर९ दर्जाचे. जुन्या होजना आतून चिकट काळं सुटलं होतं.

फ्लोटची पातळी पुस्तकाप्रमाणे लावली, पंपाचा दाब मोजला. पाच-साडेपाच पौंड, ठीक. सातच्या वर असेल तर गरम असताना चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई धरत नाही आणि ओव्हरफ्लो होतो.

एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तोंडाशी एक झडप असते. इंजिन थंड असताना ती गरम वायू इनटेकच्या पोटातून, थेट कार्ब्युरेटरखालून फिरवते, आणि गरम झाल्यावर उघडायला हवी. माझी गंजून अर्धवट बंद अडकली होती, म्हणजे भर उन्हाळ्यात कार्ब्युरेटरखाली शेगडी चालू. भेदक तेल घालून, हलकं ठोकून ती मोकळी केली. एवढी तपासणी तरी प्रत्येकाने करावीच, फुकटात होते. काही जण गास्केटने तो मार्गच बंद करतात. उन्हाळ्यापुरती गाडी चालवणाऱ्यांना चालतं, पण या गाडीचा चोक त्याच उष्णतेवर उघडतो, म्हणजे चोकची वेगळी सोय करावी लागते. मी तो मार्ग बंद केला नाही.

कार्ब्युरेटरखाली जाड इन्सुलेटिंग गास्केट घातलं. जास्त जाड स्पेसर घातला तर एअर क्लीनर बॉनेटला टेकतो, म्हणून बसवण्याआधी क्लीनरच्या झाकणावर मातीचा गोळा ठेवून बॉनेट बंद करा आणि किती चेपतो ते पाहा.

नळीला लाकडी चिमटे लावायचा जुना उपाय मीही करून पाहिला. मला काही फरक दिसला नाही.

तळ्यांकाठी बोटींसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल विकतात, ते मिळालं तर खरंच फरक पडतो. पण ऑक्टेन बघून घ्या. एवढ्या कॉम्प्रेशनला कमी ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर इंजिन ठोकतं.

टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवणं हाही खात्रीचा उपाय आहे, कारण पेट्रोल ओढलं न जाता ढकललं जातं. बसवायचा असेल तर ऑइल प्रेशर गेल्यावर तो बंद होईल असा स्विच लावल्याशिवाय बसवू नका. अपघातात नळी तुटली आणि पंप चालू राहिला तर काय होईल ते सांगायला नको. अनेकांनी मला कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवायला सांगितलं. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याने जरूर बसवावं. मला दुसरे दोन बॅरल उघडताना क्वाड्राजेट जो घुमतो तो आवाज हवा आहे. वहीतल्या त्या शुक्रवारी रात्री वुडवर्डवर तोच आवाज घुमत असणार.

ऑगस्टमध्ये क्रूझला गाडी नेली. पारा ९० अंश फॅरनहाइटच्या पुढे, रस्ताभर रांग, गाड्या इंच-इंच पुढे सरकत होत्या. बर्कलीजवळ थांबवून बंद केली, घड्याळ लावलं, बॉनेट मुद्दाम उघडलं नाही. बाविसाव्या मिनिटाला किल्ली फिरवली. सेल्फने दीड फेरा मारला असेल नसेल, सुरू. तिथूनच काकांना फोन लावला. कोल्हापुरात मध्यरात्र उलटली होती, तरी त्यांनी पहिल्या घंटीला उचलला आणि आधी इंजिनचा आवाज ऐकवायला सांगितला.

वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानाखाली जागा होती. तिथे पेन्सिलीनेच तारीख, मैल आणि 'वुडवर्ड' एवढं लिहिलं.

एक काम राहिलंय. रात्रभर उभी राहिली की सकाळी कार्ब्युरेटरचा चेंबर थोडा उतरलेला असतो. क्वाड्राजेटच्या तळाशी बुचं असतात, अर्ध्या शतकाने ती झिरपू लागतात. बर्फ पडून गाडी झाकली की कार्ब्युरेटर काढणार, बुचांवर पेट्रोलला टिकणारं इपॉक्सी लावणार, आणि रात्रभर पेट्रोल भरून कोऱ्या कागदावर ठेवून बघणार की सकाळी डाग पडतो का.